ढोलाला दात लागत न्हाईत

...न्हाई न्हाई, मला राग न्हाई बरं का, मला फकस्त कळून घ्यायचंय, की हे असं झालं तरी कसं! आमच्या किल्लारीत ढोल बडवनारी पोरंपोरी छत्तीस, देवळातल्या बाजाच्या पेटीत उंदरानं घर केलंय, अन सनईवाला कोन? तर एकटा मी! अन मीबी कसला सनईवाला, तुम्हाला सांगतो, मी सूरवाला! म्हंजे जोडीत एकजन गानं वाजवतो, अन दुसरा मागं बसून एकच सूर धरून ठिवतो, ऊंऊंऊं... नाकानं दम घ्यायचा, गालात साठवायचा, सूर तुटू द्यायचा न्हाई. पन्नास वरसं मी एकच सूर वाजवला! बायको म्हनायची, "अवो, दुसरा कवा शिकनार?"

गानं वाजवायचा माझा जोडीदार वीरण्णा, निलंग्याचा. तीन वरसं झाली, गडी येईनाच. अन इकडं नातीचं लगीन ठरलं. सृष्टी तिचं नाव, लातुरात शिकती, अन सोता ढोल बडवती! पन मला म्हनली, "आबा, ढोल वाजनारच, पन अक्षदा पडताना मला तुमचीच सनई पायजे. लहानपनी मी त्या सुरावर झोपायची." हाव म्हनलं, सबूद दिला. आता एकला सूर कसा वाजवायचा सांगा? कालवनाबिगर नुसती भाकर वाढल्यावानी!

तिला इचारलं, "बाय, समद्यांला ढोलच का गं? राग न्हाई, फकस्त कळून घ्यायचंय." तर म्हनती, "आबा, पेटी शिकायला बसलं तर दोन वरसं सारेगम. ढोल ह्या आईतवारी बांधला, फुडच्या आईतवारी मिरवनुकीत! अन चुकलं तरी शेजारच्या तिघी झाकून घेत्यात." आता बघा! आमच्या सनईत चुकलं तर नवरीच्या आत्याला स्वैपाकघरात कळायचं!

मग जीपीनं निलंगा गाठलं. वीरण्णाच्या गल्लीत शिरलो न्हाई तोवर धडाम धडाम! बघतो तर काय... वीरण्णा, सत्तरीचा मानूस, कमरेला ढोल बांधून पोरांत उभा! म्हनलं, "वीरण्णा, तूबी?" तो हसला... अन मला कळलंच की वो! तोंडात एक दात न्हाई! सनईची पाती ओठात दाबायची तर मागं दात पायजेत, न्हाई तर समदा वारा बाजूनं पळतो. "फुस्स होतंय रे धोंडप्पा," म्हनला, "ढोलाला दात लागत न्हाईत." म्हनलं, "आरं, कवळी?" "घालून बघितली ना. सनईसंगं भाईर आली, पाव्हन्याच्या ताटात!"

झालं, लग्नाचा दिस आला, वीरण्णाबी ढोलवाली पोरं घिऊन आला. अंतरपाट धरला, वीरण्णानं हात वर केला, समदे ढोल थांबले. अन मी सूर धरला, एकलाच... ऊंऊंऊं. तर मंडपात जो तो वर बघून राहिला! नवरदेवाचा मामा वरडला, "ए अजहर, तुझा भोंगा गुनगुनून राहिला, बंद कर की!" अजहर मंडपवाला, बिचारा, त्यानं वायर उपटली, तरी ऊंऊं चालूच. दुसरी उपटली, पंखे बंद! भटजी घामाघूम! अन मी कसा सांगनार? तोंडात सनई! सोडावी, तर नातीला दिलेला सबूद... शेवटी अंतरपाटामागनं सृष्टीच वरडली, "काका, वायर ऱ्हाऊ द्या, ते माझे आबा हायत!"

अजहरनं पंख्याची वायर परत जोडली, मामा खाली बसला. पार अक्षदा पडंस्तवर मी वाजवत ऱ्हायलो. सूर तुटला न्हाई, तुम्हाला सांगतो. डोळ्यातनं पानी आलं, ते काय दमानं असंल.

मग पंगती उठल्यावर वीरण्णानं सोताचा ढोल माझ्या कमरेला बांधला. "मार एकडाव." म्हनलं, हरकत न्हाई, फकस्त कळून घेऊ... मारला! धाडकन! छातीत काईतरी हाललं बघा, अन समद्या मंडपानं वळून माझ्याकडं बघितलं. पन्नास वरसांत कवा कुनी वळून बघितलं न्हवतं वो...

अन आता परवापासनं माझा म्होरचा एक दात हलून राहिलाय. सृष्टी फोनवर वरडती, "आबा, दवाखान्यात जा, सनई बंद पडंल!" जाईन की, जायलाच पायजे... पन तुम्हाला म्हनून सांगतो, बसल्या बसल्या मीच त्याला जिभंनं जरा जरा ढकलून राहिलो.