गोणीतलं चित्र

प्रेरणाचं कॉलेजसाठी काढलेलं चित्र आबांनी कातरून टाकलं. पण असं काही झालंच नाही, अशा चेहऱ्यानं ते कापूरहोळच्या स्टॉपवर, मांडीवर गोणी घेऊन, नातीशेजारी बसले होते.

“आबा, बारा मेंढ्यांवर बारा जपानी कार्टून रंगवली होती मी!”

“आन् लोकर कातरायची येळ झाली व्हती.”

“माझा निळ्या केसांचा हिरो?”

“गोणीत हाय. तलवारवाला लई लाथा मारत व्हता, तरी जपून कातरला.”

“आज सबमिशन आहे. सरांना काय दाखवू? नापास करतील.”

“करत न्हाईत. अर्ज लिही.”

“सांगा.”

“महोदय, मेंढ्यांना पुन्हा लोकर येईपर्यंत सहा महिने मुदतवाढ मिळावी, ही विनंती. सोबत चित्र गोणीत जोडले आहे.”