पिंजऱ्यातली साप्ताहिक सुट्टी

मी, साळुबाई धर्माजी बोऱ्हाडे, वय ५८ वर्षे, धंदा शेती, रा. शिनोली, ता. आंबेगाव, जि. पुणे, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

आमच्या उसाच्या कडेला वन खात्याने बिबट्यासाठी पिंजरा लावला आहे. त्याच्या मागच्या कप्प्यात आमिष म्हणून माझी शेळी बांधलेली असते.

काल सकाळी शेळीला पाला टाकायला गेले असता पिंजऱ्याचे दार पडलेले दिसले. आत बिबट्या नव्हता. या ठाण्याचे पोलीस शिपाई सुदर्शन पोखरकर बुटांची उशी करून झोपले होते. यात्रेच्या बंदोबस्ताला ते आमच्या ओट्यावर पाणी पितात, म्हणून ओळखते. मी घरून गोधडी आणून गजांतून आत सारली, तेव्हा ते जागे झाले.

मी विचारले, "भाऊ, अडकला व्हय?"

ते म्हणाले, "न्हाई मावशी, मीच दार पाडलं. आज माझी साप्ताहिक सुट्टी. घरी असलो की फोन येतो, भीमाशंकरच्या बंदोबस्ताला चला. हितं कोण नेणार? पिंजरा वन खात्याचा. मला काढायला आधी त्यांना पत्र द्यावं लागंल."

मी म्हणाले, "असं किती दिस करणार?"

ते म्हणाले, "कायदा व्हणाराय. आठ तास ड्युटी, सुट्टीच्या दिवशी फोन नाय. मसुदा समितीकडं हाय. तवर हितंच."

"आन् तवर बिबट्यानं कुठं जायाचं?" असे मी विचारले. तोवर ते पुन्हा झोपले होते.

नंतर माझ्या मुलाने कळवल्यावरून ठाण्याचे साहेब आणि वन खात्याचे वनरक्षक आले. वनरक्षक म्हणाले, "बिबट्या असता तर लगेच हलवला असता. माणसाचं वरून विचारावं लागंल." साहेबांनी गजांतून आत हात घालून पाहिला. मग मला हळूच म्हणाले, "आत गारवा बरा असंल, नाय?" हे लिहायला नको असे जबाब लिहिणारे जमादार अजीजभाई म्हणाले. पण ते घडले आहे.

शिपाई दारू प्याले होते काय, असे विचारल्यावरून सांगते की, वास फक्त शेळीचा येत होता.

सुट्टी रद्द होऊनही बंदोबस्ताला आले नाहीत म्हणून त्यांना निलंबित करणार, असे मला इथे कळले. त्याबाबत माझे म्हणणे असे की, पिंजऱ्याभोवती बिबट्याच्या पंजाचे ठसे होते. तो येऊन, फिरून गेला. शेळीला ओरखडाही नाही. यालाच बंदोबस्त म्हणत असतील तर तो सुदर्शनभाऊंनी माझ्या शेळीचा केला आहे, तोही सुट्टीच्या दिवशी. तरी त्यांना बदली सुट्टी मिळावी.

हा जबाब अजीजभाईंनी मला मराठीत वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. बदली सुट्टीचे शेवटचे वाक्य काढू का, असे त्यांनी विचारले. नको म्हटले. त्याखाली अंगठा केला आहे.