ताण घेऊ नकोस

दवाखान्याच्या बाकावर रिपोर्टची वाट बघणाऱ्या बसड्रायव्हरच्या शेजारी नवरा-बायको येऊन बसले. बाईचा चेहरा गोल सुजलेला, हात मात्र काटकुळे. त्यांचं बोलणं ऐकू नये म्हणून ड्रायव्हरने मोबाइल काढला, पण कान काही मिटता येईनात.

"आता तरी ताण घेऊ नकोस."

"मी घेत नाहीये. डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत का?"

"ऐकलं गं. काहीतरी ग्रंथीचं."

"काहीतरी नाही! संकट आलं की मेंदू एक रसायन सोडून खालच्या ग्रंथीला निरोप देतो. ती पुढे हुकूम सोडते, मग ताणाचं हार्मोन रक्तात उतरतं. पुरेसं झालं की मेंदू निरोप थांबवतो. माझ्या त्या ग्रंथीत गाठ आहे. निरोप असो नसो, तिचे हुकूम चालूच. म्हणून सुटले मी, खाऊन नाही."

"मला काय स्वप्न पडलं होतं?"

"स्वप्न कशाला पडायला हवं? जिना चढताना मी भिंत धरत होते, तेव्हा तुम्ही फ्रिजला कुलूप घातलंत."

"तुझ्या भल्यासाठीच ना!"

"आणि पाहुण्यांसमोर किल्ली खुळखुळवून हसलात, तेही भल्यासाठीच? काढा ती किल्ली."

"इथे? लोक बघतायत."

"तेव्हाही बघत होते."

नवऱ्याने खिसा चाचपून किल्ली काढली. तिने ती हिसकावूनच घेतली.

नर्सने दारातून विचारलं, "ऑपरेशनचं समजावून सांगायचंय. सोबत कोण येणार?"

नवरा अर्धवट उठला.

"कुणी नाही," ती म्हणाली.

ड्रायव्हरने पाय आत ओढून तिला वाट करून दिली.