सासूबाईंचा खलबत्ता

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. पण परवाचं ऐका.

आमच्या सासूबाई रोज दुपारी माझा डोळा लागला की बरोबर खलबत्त्यात दाणे कुटायला बसायच्या. ठक ठक ठक! वीस वर्षं त्यावरून भांडले. त्या गेल्या, तेरावं झालं आणि मी तो खलबत्ता पोत्यात बांधून माळ्यावर टाकला. म्हटलं, आता बागबाजार या आमच्या बंगाली वस्तीतल्या बाकीच्या बायकांसारखी मीही दुपारची झोपणार.

परवा गॅसवर दूध ठेवलं आणि जरा आडवी झाले. ऊन नको म्हणून खिडक्या बंद होत्या. गाढ झोपेत तीच ठक ठक कानावर आली. मी झोपेतच ओरडले, "अहो, मेल्यावर तरी झोपू द्या!" आणि जागी झाले. डोकं गरगरत होतं. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली आणि घरभर गॅस! धडपडत कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या, दार उघडलं.

दारात खालच्या मजल्यावरच्या बौदी, म्हणजे बंगाली वहिनी, उभ्या. पूर्वी नर्स होत्या. त्यांना सगळं सांगितलं तर त्यांच्या बंगाली हिंदीत म्हणाल्या, "नशीब तुमचं, दीदी! झोपेत नाकही झोपतं, वास कळत नाही. कान तेवढा जागा असतो."

मी म्हटलं, "पण घरात मी एकटीच. कानाला ऐकू काय येणार? स्वप्नच पडलं असेल."

बौदी म्हणाल्या,

"मग इतका वेळ कुटत कोण होतं? मी तर भांडायला वर आले होते, की दुपारची झोपू द्या म्हणून."