तात्याचं पोट काय म्हणालं

डॉक्टरीण : ...म्हणूनच पुन्हा विचारते, काका. दर रविवारी मटण खाता, असं तुम्हीच सांगितलंत ना?

तात्या : दर रविवारी. खाडा नाही.

आक्का : खातो हो. मीच रांधते, एकाच पातेल्यात. आम्ही दोघं भावंडंच घरात. म्हणून तर तुमच्या अभ्यासाला हो म्हटलं. त्याच पातेल्यातलं खाऊन मला हृदयाचा झटका आला आणि हा ठणठणीत, हे कसं? ह्याचाही नंबर लागणार असेल तर आधी कळलेलं बरं. मी पडले तेव्हा ह्याने खांद्यावर टाकून आणलं. हा पडला तर मला उचलणार नाही.

तात्या : ओढत ने. मी तक्रार करणार नाही.

डॉक्टरीण : परवा इथे माझ्यासमोर तुम्हा दोघांना सारखंच मटण खायला घातलं आणि मग रक्त तपासलं. मटणात एक द्रव्य असतं. आतड्यातले काही जंतू त्यावर ताव मारतात आणि एक वायू सोडतात. यकृत त्या वायूचा आणखी एक पदार्थ करतं, तो रक्तात फिरतो. ज्यांच्या रक्तात तो जास्त, त्यांच्यात हृदयविकारही जास्त दिसतो.

आक्का : आणि माझ्या रक्तात?

डॉक्टरीण : चांगलाच वाढला. काकांच्या रक्तात जवळजवळ नाहीच.

तात्या : माझे जंतू शिस्तीचे. जन्मभर लिफ्ट चालवली मी. मजला आल्याशिवाय आत कोणी हलत नाही.

डॉक्टरीण : असं रक्त सहसा वर्षानुवर्षं मांस न खाणाऱ्यांचं असतं. खाणंच मिळालं नाही की ते जंतू पोटात फारसे टिकत नाहीत. नाहीतर मग नुकतीच अँटिबायोटिक्स घेतली असतील.

तात्या : घेतली की. मुठीमुठीने घेतली.

आक्का : ह्याने? हा गोळीकडे नुसता बघतो आणि तेवढ्यावर बरा होतो. डॉक्टरबाईंना तरी थापा मारू नकोस.

डॉक्टरीण : मग ताटातलं मटण जातं कुठे, काका?

तात्या : पोटात.

डॉक्टरीण : कोणाच्या?

(तात्या छताकडे बघतो.)

आक्का : थांब. तिकडे बघू नकोस. बाई, हा जेवताना गोष्ट सांगतो. ह्याची लिफ्ट म्हणे एकदा थांबलीच नाही. गच्ची फोडून वर गेली, ढगात अडकली आणि साहेब लोकांनी तिथेच मीटिंग उरकली. लिफ्ट निघाली की हा डावा हात वर नेतो आणि मी खुळी वर बघते. गोष्ट पाठ आहे मला, तरी बघते. उजवा हात काय करतो, ते कधी पाहिलंच नाही. खाली बघावं तर ताट भरलेलंच. मला वाटायचं, मीच हावरटासारखं वाढून घेतलंय.

तात्या : हात सढळच तुझा.

आक्का : कधीपासून?

तात्या : तू इस्त्रीचं दुकान टाकलंस तेव्हापासून. कोळशाची इस्त्री ती, दिवसभर उभी असायचीस. मला काय, बटण तर दाबायचं. त्याला कसली ताकद लागते.

आक्का : बोलला असतास तर?

तात्या : घेतलं असतंस? ...बाई, मला एक सांगा. मी तिच्या ताटात सरकवलं, म्हणून तिचं हृदय...

डॉक्टरीण : तसं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. रक्तातला तो पदार्थ आणि हृदयविकार एकत्र दिसतात, एवढं कळलंय. कशामुळे किती बिघडतं, ते अजून शोधतोय. आक्कांना रक्तदाब आहे, वडिलांनाही हाच त्रास होता. तुमच्या चार फोडींवर खटला उभा राहत नाही.

तात्या : चार नव्हत्या.

आक्का : आणि माझ्या पोटातले ते? ते काय आता शेवटपर्यंत तळ ठोकून बसणार?

डॉक्टरीण : नाही. जे खायला घालाल, त्यावर तिथली वस्ती ठरते. मटण कमी करा, डाळी-भाज्या वाढवा. हळूहळू फरक पडतो. औषधं मात्र सोडायची नाहीत. काही महिन्यांनी पुन्हा रक्त बघू.

तात्या : माझी वस्ती उचलून तिला नाही देता यायची? माझ्याकडे नुसती पडून आहे.

डॉक्टरीण : त्यावरही प्रयोग चाललेत, काका. तूर्तास भाजी सोपी पडेल.

आक्का : ऊठ, तात्या. जाताना भोपळा घेऊ. आणि अर्धा तू खायचास, माझ्यादेखत.