वाणात गेलेली कादंबरी

तुम्ही हसाल, पण माझी पहिली कादंबरी अर्ध्या तासात संपली होती! स्वतःच छापलेली, म्हणून खपवायचीही मीच. समता कॉलोनीत मावशीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. म्हटलं, बाया येतीलच. तिळगुळाच्या ताटाशेजारी टेबल लावलं, पेन घेऊन बसली.

पहिल्या काकूंनी पुस्तक उचललं. मी ‘सौ. वंदनाताईंस सप्रेम’ लिहून सही केली. मागं रांगच लागली! पैसे मावशी घेऊन राहिली असेल, असं मले वाटलं. शेवटच्या काकू म्हणाल्या, “मागच्या साली स्टीलचा डबा होता वो. यंदा पुस्तक काहून?”

बाया माझी कादंबरी वाण समजून नेऊन राहिल्या होत्या!

आठ दिवसांनी तेलीबांध्याला एका नव्या ओळखीच्या दीदीकडे हळदीकुंकवाला गेली. उशीर झाला होता, वाणाच्या वाट्या संपल्या होत्या. दीदी आतून एक पुस्तक घेऊन आली. उघडून पाहते तर, ‘सौ. वंदनाताईंस सप्रेम.’

माझं तोंड पाहून दीदी म्हणाली, “अरे, ले लो ना! साधंसुधं नाही हे, लेखिकेची सही हाये याच्यात!”