तुम्ही व्हा पुढे

बेटावरून परतणाऱ्या शेवटच्या बोटीच्या रांगेत माझ्यापुढे एक माणूस आणि त्याची मोठी बहीण उभे होते.

“ताई, ही अजून वर कड्यावरच आहे. बघ, कठड्याजवळ एकटीच.”

“येईल रे. समुद्र बघत बसली असेल.”

“फोन उचलत नाहीये. तू काही बोललीस का तिला?”

“तू फोटोसाठी कठड्यावर चढलास, मी घाबरले. तोंडातून निघून गेलं.”

“काय निघून गेलं?”

“म्हटलं, एक नवरा गमावलास, निदान याला तरी जप.”

“ताई!”

“कळलं रे मला. बोलता क्षणी कळलं.”

“मग ती काय म्हणाली?”

“‘तुम्ही व्हा पुढे,’ एवढंच.”

“आणि तू आलीस पुढे?”

“चला, चला! पाच मिनिटांत बोट सुटणार!” बोटवाला ओरडला.

“तू थांब इथं. मी जातो वर.”

“तू नको. ही पिशवी धर.”

“तीनशे पायऱ्या आहेत, ताई. तुझे गुडघे...”

“जीभ माझी होती ना? मग पायही माझेच झिजू देत.”

“बोट चुकेल.”

“चुकू दे. सरक, वाट दे.”

तो पिशवी धरून धक्क्यावरच थांबला. आमची बोट बेटाला वळसा घालून कड्याखालून गेली, तेव्हा कठड्याजवळ दोघी बसल्या होत्या, जरा अंतर ठेवून.